रविवारी बंद

शनिवार, रात्रीचे आठ वाजून दहा मिनिटं. सुपरमार्केटच्या काचेच्या दाराआड दिवे अजून चालू होते. आत एक बाई फरशी पुसत होती. माझ्या लेकीनं काचेवर टकटक केलं. बाईनं वर पाहिलं, मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं आणि पुन्हा पुसायला लागली. चेहऱ्यावर राग नव्हता आणि दिलगिरीही नव्हती. आठ म्हणजे आठ.

"जाऊ दे, रात्रीपुरतं काहीतरी बघू. उद्या सकाळी घेऊ सामान," मी म्हटलं.

लेक गप्प. मग हळूच म्हणाली, "आई, उद्या रविवार. बंद."

"मग परवा."

"परवापण बंद. परवा सणाची सुट्टी आहे. मी विसरलेच."

तर मंडळी, ही गोष्ट मे महिन्यातली, जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगरातली. लेक स्टुटगार्टला नोकरी करते. आम्ही तिघं, म्हणजे मी, माझा नवरा आणि माझे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे बाबा, बेळगावहून तिच्याकडे गेलो होतो. तिनं हौसेनं एका खेड्यातल्या शेतकऱ्याच्या घरातल्या दोन खोल्या तीन रात्रींसाठी घेतल्या होत्या. स्वयंपाकघर आपलं, सामान वाटेत घ्यायचं, पाचपर्यंत पोचायचं, असा बेत. पण नेमक्या त्याच शनिवारी तिथल्या शाळांना सुट्टी लागलेली. निम्मं स्टुटगार्ट आमच्याबरोबर त्याच रस्त्यावर उतरलं होतं. गाडी तीन तास मुंगीच्या पावलांनी सरकली.

लेकीला दोष देऊन उपयोग नव्हता. ती शहरात राहते. तिथं रविवारी काही लागलं तर मोठ्या रेल्वे स्टेशनातली दुकानं उघडी असतात. खेड्यात स्टेशनच नव्हतं. गावातलं एकुलतं एक दुकान शनिवारी दुपारी साडेबारालाच मिटलं होतं. आणि ईस्टरनंतर पन्नासाव्या दिवशी येणाऱ्या सणाचा तो रविवार होता. त्याला जोडून सोमवारचीही सुट्टी असते.

एरवी यात हसण्यासारखंच जास्त होतं. पण बाबांना मधुमेह आहे. जेवणाआधीची गोळी ते रोज ठरल्या वेळी घेतात. त्या दिवशीही घेतली, गाडीतच, साडेसातला, कुणाला न विचारता. "वेळ म्हणजे वेळ," हे त्यांचं आयुष्यभराचं वाक्य. गोळी पोटात गेली आणि जेवण मात्र बंद दाराच्या पलीकडे राहिलं.

खोलीवर पोचेपर्यंत पावणेनऊ झाले. बाबा जिना चढताना थांबले. कपाळावर घाम. विचारलं तर चिडून म्हणाले, "काही झालेलं नाही, चला की वर!" बाबा असे चिडत नाहीत. नवऱ्यानं मशीन काढून साखर बघितली. अठ्ठावन्न.

इथं मला वाचवलं ते माझ्या एका वाईट सवयीनं. विमानात चहाबरोबर मिळणाऱ्या साखरेच्या पुड्या मी न चुकता पर्समध्ये टाकते. लेक दर वेळी कपाळाला हात लावते. त्या रात्री चार पुड्या पेलाभर पाण्यात ढवळून बाबांना दिल्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा बघितलं, तर चौऱ्याऐंशी. हाताची थरथर थांबली. पण या गोळीचा अंमल बराच वेळ राहतो. नुसत्या साखरेवर रात्र काढता येत नाही, पोटात अन्न जायलाच हवं. आणि आमच्याकडे होतं काय? भडंगाचं एक पाकीट, शेंगदाण्याची चटणी आणि लिंबाचं लोणचं. दुधाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत म्हणून कुंदाही बेळगावातच राहिलेला.

खानावळ एक होती. तिथल्या स्वयंपाकघराची चूल साडेआठला थंड झाली होती. बसायला जागा होती, प्यायला बिअर होती, जेवण नव्हतं. पेट्रोल पंप होता, पण चौदा किलोमीटरवर, आणि तो किती वाजेपर्यंत उघडा असतो ते कुणास ठाऊक. शेवटी लेकीनं खाली घरमालकिणीचं दार वाजवलं.

साठीची बाई. अंगावर घरातला झगा, पायात लोकरीचे मोजे. लेकीनं जर्मनमध्ये सांगितलं, तसं एकही प्रश्न न विचारता आत गेली. अर्धा पाव, सहा अंडी, उकडलेले बटाटे आणि लोण्याचा तुकडा घेऊन आली. मग आम्हाला बाहेर नेऊन रस्त्याच्या कडेला असलेलं एक लाकडी खोपटं दाखवलं. आत दिवा होता आणि दोन यंत्रं होती. एकातून दूध मिळतं, दुसऱ्यात खण आहेत. नाणी टाकली की खण उघडतो. खणांमध्ये अंडी, चीज, शेवया, बटाटे, मध. चोवीस तास, रविवारीसुद्धा. दुधाच्या यंत्रावर पाटी होती, 'उकळून प्या', कारण दूध कच्चं, थेट गोठ्यातलं. आम्हाला ते कुणी सांगायची गरज नव्हती!

बाबांनी लोणी लावलेला पाव, अंडी आणि चटणी घातलेले बटाटे खाल्ले. साडेनऊला मी बेळगावच्या आमच्या डॉक्टरांना फोन लावला. तिथं रात्रीचा एक वाजला होता. त्यांनी उचलला. रात्रीत दोनदा साखर बघा म्हणाले, आणि उद्यापासून ताट समोर आल्याशिवाय गोळी द्यायची नाही. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, मी नुकतंच एका माणसाचं बंद दुकान मध्यरात्री वाजवलं होतं.

रविवारी सकाळी जाग आली ती चर्चच्या घंटेनं. नंतर इतकी शांतता, की नळाचं पाणी मोठ्यानं वाहतंय असं वाटावं. ट्रक नाहीत, गवत कापायचं यंत्र नाही. बेकरी आठ ते अकरा उघडी होती, आणि तेवढ्यात निम्मं गाव ताजे पाव घेऊन गेलं. त्यानंतर रस्त्यावर फक्त फिरायला निघालेली माणसं.

बाबा चहा घेऊन त्या खोपट्यापाशी जाऊन उभे राहिले. यंत्राशेजारी एका फळीवर जॅमच्या बाटल्या होत्या. त्या यंत्रात नव्हत्या, नुसत्याच मांडलेल्या. बाजूला किमतीची चिठ्ठी आणि फट असलेला एक डबा. बाबांनी डबा हलवून बघितला. आत नाणी वाजली.

"गल्ल्यावर माणूसच नाही," ते म्हणाले. "आणि गल्ला भरलेला."

बाबांचं शहापुरात किराणा दुकान होतं. माल भरायला रविवार पेठेत जायचे. बेळगावच्या वाचकांना ही पेठ सांगायला नको. लहानपणी मला त्या नावाची गंमत वाटायची, कारण आमच्या घरात रविवार फक्त पेठेच्या नावातच होता. आठवड्याच्या सुट्टीची पाटी दुकानावर टांगलेली असायची, पण तिच्यामागे शटर अर्धं वर असायचं. तेही खाली असलं तर मागचं दार होतंच. "काका, पावशेर साखर." "काका, पाहुणे आलेत, पोहे द्या की." रात्री अकराला कुणी कापूर मागायला यायचं, कारण घरात कुणीतरी गेलेलं असायचं. बाबा कधी कुणाला परत पाठवायचे नाहीत. याचा आम्हाला अभिमान होता, आणि आजही आहे.

त्या रविवारी बाकावर बसून बाबा लेकीला विचारत होते, "हे लोक दुकान बंद ठेवतात ते मालकाच्या मर्जीनं की सरकारच्या?"

लेकीनं तिथं राहायला आल्यावर हे सगळं वाचून काढलेलं. तिनं सांगितलं, की हा नुसता रिवाज नाही, त्यांच्या घटनेतच रविवारला संरक्षण आहे. १९१९ च्या वायमार घटनेतलं कलम १९४९ च्या घटनेनं जसंच्या तसं उचललं: रविवार आणि सणाचे दिवस हे कामापासून विश्रांतीचे दिवस. १९५६ मध्ये दुकानांच्या वेळांचा कायदा झाला. तेव्हा तर एरवीच्या शनिवारी दुपारी दोनलाच दुकानं मिटायची. पुढं हळूहळू सैल होत गेलं. २००६ नंतर वेळा ठरवायचा अधिकार त्या त्या राज्याकडे गेला. पण रविवार टिकला. बर्लिन राज्यानं नाताळाआधीचे चारही रविवार दुकानांना मोकळे केले, तेव्हा चर्च कोर्टात गेली आणि २००९ मध्ये तिथल्या घटनापीठानं त्यांची बाजू मान्य केली. कामगार संघटनाही अशा वेळी चर्चच्या बाजूनं उभ्या राहतात. एकाला प्रार्थनेसाठी रविवार हवा, दुसऱ्याला घरी बसण्यासाठी.

"म्हणजे सगळ्यांची एकदम सुट्टी," बाबा म्हणाले. "शेजारचा उघडतो म्हणून आपण उघडायचं, ही भानगडच नाही."

मला वाटतं, मुद्द्याचं वाक्य तेच होतं. दुकानदाराला एकट्यानं बंद ठेवणं परवडत नाही. समोरचा उघडा असेल तर गिऱ्हाईक तिकडे जातं, आणि गेलेलं गिऱ्हाईक सोमवारी परत येईलच असं नाही.

मालकीण बादली घेऊन गोठ्याकडे निघाली होती. बाबांनी लेकीकरवी विचारलं, "आज रविवार ना?" ती हसली. गाईंना कॅलेंडर कळत नाही, म्हणाली, सकाळ-संध्याकाळ धार काढावीच लागते. हेही जुनंच आहे. इसवी सन ३२१ मध्ये रोमन सम्राट कॉन्स्टन्टाइननं रविवारी शहरातली कामं बंद ठेवायचा हुकूम काढला, त्यातही शेतकऱ्यांना वगळलं होतं. सुट्टीचा कायदा केला तरी कुणीतरी कामावर राहतंच: गोठ्यातली बाई, दवाखान्यातली नर्स, रेल्वेचा ड्रायव्हर.

आणि औषधाच्या दुकानातला माणूसही. रात्री साखर बघताना आमच्या मशीनच्या पट्ट्या संपल्या, त्यामुळे आम्हाला रविवारीच दुकान शोधावं लागलं. तिथली रीत चांगली आहे. भागातल्या औषध दुकानांच्या पाळ्या लावलेल्या असतात, आणि आज कोणाची पाळी ते प्रत्येक दुकानाच्या दारावर लिहिलेलं असतं. आमचं निघालं वीस किलोमीटरवर. दार बंदच, पण त्यात एक छोटी खिडकी. घंटा वाजवली तसा आतून माणूस आला. पट्ट्या आमच्या मशीनला बसणाऱ्या नव्हत्या, म्हणून त्यानं पट्ट्यांसकट नवं मशीन दिलं आणि अवेळी उघडल्याचे अडीच युरो जास्त लावले. नवरा पुटपुटला. बाबा म्हणाले, "बरोबर आहे. माणसाच्या रविवारचे पैसे आहेत ते." मग थोडं थांबून, "मी कधी लावले नाहीत."

त्या दुपारी आम्ही कुठं गेलो नाही. जेवणाला बटाट्याची भाजी, शेवयांचा उपमा आणि उकळलेलं दूध. भाताशिवाय बाबांचं जेवण होत नाही, पण त्या दिवशी झालं. जेवून ते गॅलरीत बसले होते. मी भांडी आवरून शेजारी जाऊन बसले.

"तुझ्या आईला गोकाकचा धबधबा बघायचा होता," ते एकदम म्हणाले.

मला माहीत नव्हतं.

"पावसाळ्यात. पाणी भरपूर असताना. दर वर्षी म्हणायची, एक रविवार काढा. मी म्हणायचो, पुढच्या रविवारी. रविवारीच तर गिऱ्हाईक. गिरणीतली, ऑफिसातली माणसं त्याच दिवशी मोकळी. त्यांना रविवार मिळाला, म्हणून माझा गेला."

बेळगावहून गोकाक एसटीनं दोन तासांच्या आतबाहेर. आई जाऊन तीन वर्षं झाली.

मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं नव्हतंच. मला शाळेतली गॅदरिंगं आठवली. आई एकटी यायची आणि दर वेळी सांगायची, "बाबा दुकानात आहेत ना." आम्हाला त्याचं कधी वाईट वाटलं नाही, कारण बाबा दुकानातच असतात, हे सूर्य उगवतो तसं होतं.

बाबांच्या त्या वाक्यावर मी पुढं खूप विचार केला. आपल्याकडे रविवारची सुट्टी आभाळातून पडली नाही. मुंबईच्या गिरण्यांमधले कामगार आठवड्याचे सातही दिवस राबायचे. महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सभा घेतल्या, अर्ज केले, आणि १८९० मध्ये कामगारांच्या पदरात रविवार पडला. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून सुट्टी त्याच दिवशी हवी, असंही त्यांचं म्हणणं होतं असं सांगतात. त्या रविवारी मोकळी झालेली माणसं बाजारात आली. बाजारात त्यांच्यासाठी कुणीतरी उभं राहिलं. ते कुणीतरी म्हणजे माझे बाबा, आणि दुकानात काम करणारी दोन पोरं.

आता महाराष्ट्रात २०१७ च्या कायद्यानं दुकान वर्षाचे ३६५ दिवस उघडं ठेवता येतं. अट एवढीच, की प्रत्येक कामगाराला आठवड्यातून एक दिवस सुट्टी द्यायची. कागदावर हा तोडगा मला जर्मनीपेक्षा शहाणपणाचा वाटतो: दुकानही उघडं, माणसालाही सुट्टी. पण ज्या दुकानात मालक हाच कामगार असतो, त्याला सुट्टी कोण देणार?

लेकीचं मत वेगळं आहे, तेही सांगायला हवं. ती म्हणते, "आजोबांचं ऐकून तुला रविवार गोड वाटतोय. एकटं राहणाऱ्यानं आठवडाभर काम करून शनिवारी धावतपळत सामान भरायचं, आणि आजारी पडला तर रविवारी घरात मीठपण नाही, हे तू जगून बघ." खरं आहे तिचं. आम्हाला मालकीण भेटली नसती तर मीही हा लेख या सुरात लिहिला नसता.

सोमवारही निभला. बेकरी सकाळी उघडली, यंत्रात पुन्हा अंडी भरलेली होती. बाबांनी जॅमची एक बाटली घेतली आणि डब्यात नाणी मोजून टाकली. मग खिशातून आणखी एक नाणं काढून टाकलं. "हे कशाचं?" मी विचारलं. "असू दे की," म्हणाले.

तुमच्यापैकी अनेकांची मुलं-भावंडं तिकडे आहेत, तुम्हीही जाल. म्हणून आमच्या चुकांतून निघालेलं चार ओळींत सांगते. निघण्याआधी त्या राज्याची सुट्ट्यांची यादी बघा, विशेषतः मे महिन्यात. खेड्यात जायचं असेल तर खरेदी शुक्रवारीच उरका, शनिवारवर ठेवू नका. एका जेवणापुरता शिधा, म्हणजे पोहे, तांदूळ, मूगडाळ, कायम बॅगेत असू दे. नाणी जवळ ठेवा, कारण शेतावरची यंत्रं अनेकदा तीच मागतात. खानावळी रविवारी उघड्या असतात, पण सोमवार-मंगळवारी त्यांची सुट्टी असू शकते, आणि दुपारी दोननंतर चूल बंद होते. भारतातली डॉक्टरांची चिठ्ठी तिथल्या औषध दुकानात चालत नाही, तेव्हा औषधं पुरेशी घेऊनच जा. सुट्टीच्या दिवशी डॉक्टर हवा असेल तर ११६११७, आणि जिवावरचं असेल तर ११२. घरात मधुमेही असेल तर साखर खिशात ठेवा, बॅगेत नको. आणि गोळी ताट समोर आल्यावर घ्यायची की आधी, हे प्रवासाआधीच आपल्या डॉक्टरांना विचारा.

आपल्याला हे फार परकं वाटू नये. गोव्याला जाताना दुपारी एक ते चार दुकानं मिटलेली असतात, म्हणून आपण फोंड्याच्या अलीकडेच पाण्याच्या बाटल्या घेतोच की.

परत आल्यावरची एक गोष्ट सांगून थांबते. ऑगस्टमधल्या एका रविवारी रात्री साडेनऊला कोथिंबीर संपल्याचं लक्षात आलं. सवयीनं पिशवी उचलून कोपऱ्यावरच्या दुकानाकडे निघाले. शटर अर्धं खाली. आतल्या दिव्याखाली दुकानदाराची मुलगी पोत्यावर वही ठेवून काहीतरी लिहीत बसली होती, आणि तो तिच्या शेजारी उकिडवा बसून बघत होता. मी वाकून हाक मारणार होते. नाही मारली.

घरी आले तर बाबांनी विचारलं, "बंद होतं काय?"

"हो," मी म्हटलं.

दुसऱ्या रविवारी आम्ही गोकाकला गेलो. पाणी भरपूर होतं. बाबा कठड्याला धरून बराच वेळ उभे होते. शेजारी कणसं भाजणारा एक पोरगा होता. बाबांनी त्याच्याकडून दोन कणसं घेतली आणि त्याला विचारलं, "तुझी सुट्टी कधी रे?"

"पाऊस थांबला की," तो म्हणाला.